पुस्तकांतल्या रायफलींचा हेवा

मित्रांनो, मी नळदुर्गच्या चाँदपाशांची जुनी रायफल. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे, नळी पोलादाची आहे आणि स्वभाव, खरे सांगायचे तर, जळका आहे. लाकडा-पोलादाला कसला आलाय मत्सर, असे तुम्ही म्हणाल. पण तुमच्याच घरात, तुमच्यासमोर, रोज दुसऱ्याच मुलाचे कौतुक होऊ लागले तर तुम्हाला कसे वाटेल? माझे तसेच झाले. फरक एवढाच, की माझी सवत कागदाची होती.

माझा जन्म दूर बंगालमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्या नळीच्या आत पिळाच्या खाचा पाडल्या गेल्या. त्या खाचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. चाँदपाशांनी परवाना काढून सोलापूरच्या दुकानातून मला घरी आणले, तेव्हा त्यांच्या दाढीत एकही पांढरा केस नव्हता. बोरी नदीकडे त्यांचे शेत होते आणि रानडुकरे भुईमुगाचे वेल मुळासकट उकरून टाकत होती.

शुक्रवारची नमाज झाली, की ते मला मांडीवर घेत. सळईला तेलाचा बोळा लावून नळी पुसत, दस्त्याला जवसाचे तेल चोळत. पिवळ्या फलालीनचे एक फडके फक्त माझे होते. त्यांच्या पत्नी जमिलाबी दारातून म्हणत, "लेकीला न्हाऊ घालून झालं असंल तर जेवायला चला." हे वाक्य ऐकायला मी आठवडाभर वाट पाहत असे.

एकदा माकणीच्या शिवारात एका डुकराने माणसे फाडली. वनखात्याने परवानगी दिली आणि चाँदपाशांना बोलावणे आले. आम्ही एका गोळीत काम केले. गावच्या सखूबाईंनी माझ्या दस्त्याला हळदकुंकू लावले आणि म्हणाल्या, "बाई गं, लेकरं वाचिवलीस." ते कुंकू चाँदपाशांनी कितीतरी दिवस पुसले नाही. माझ्यासारखी भाग्यवान मीच, असे मला वाटू लागले.

मग ते पुस्तक आले.

सोलापुरात जुन्या पुस्तकांच्या ढिगात चाँदपाशांना मुखपृष्ठावर रायफलीचे चित्र दिसले आणि हरखून त्यांनी ते विकत आणले. पुस्तक इंग्रजी होते. चाँदपाशांना चित्रांपलीकडे फारसे कळेना. म्हणून त्यांनी आपल्या जिवलग मित्राच्या, पिराजींच्या मुलीला बोलावले. संघप्रिया शाळेत इंग्रजी शिकवायची. पहिल्या रविवारी ती नाराजीनेच बसली.

"काका, मला बंदुकीतलं काही कळत नाही."

"तू नुस्तं वाच. कळायचं ते मला कळंल."

ती वाचून अर्थ सांगू लागली. लिहिणारा जुन्या काळचा शिकारी होता. त्याने रायफलीच्या चापावर आख्खे एक प्रकरण लिहिले होते. चाप ओढताना बोटाला कसे वाटावे, हे समजावताना त्याला आपल्या आईची सुईत दोरा ओवतानाची बोटे आठवली होती. संघप्रिया वाचता वाचता थांबली. "काका, हा माणूस तर कवी आहे!"

पुढचे पुस्तक तिने स्वतः मागवले. मग तिसरे, चौथे. त्या लेखकांची आपसात भांडणेही होती. एकाला हलकी, वेगवान गोळी आवडे, दुसऱ्याला जड आणि संथ. नळदुर्गच्या त्या खोलीत हे भांडण पुन्हा पेटले.

"हलकी गोळी लांब जाते, काका."

"जाऊ दे की लांब! नांगराला कुणी घोडं जुपतं व्हय?"

दोघे खदखदून हसत. जमिलाबी चहा ठेवत म्हणत, "गोळी न्हाय, बार न्हाय, अन् लढाई रोजची."

मी मात्र भिंतीवर साखळीकुलपात टांगलेली. मला ऐकू येई, की अमुक रायफलीच्या दस्त्याची रेषा हंसाच्या मानेसारखी आहे. तमुक रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा दांडा, लोण्यासारखा सरकतो. चाँदपाशा मान डोलवत, "वा! काय लिवलंय!" मी एवढी वर्षे पाऊसचिखलात त्यांच्या खांद्यावर राहिले. त्या परक्या रायफलींनी त्यांना कधी पाहिलेही नव्हते. पुस्तकांत माझ्या जातीचा उल्लेख येईल म्हणून मी प्रत्येक रविवारी कान टवकारून ऐकले. एक ओळसुद्धा आली नाही.

शुक्रवारची अंघोळ आधी उशिरा होऊ लागली, मग होईनाशी झाली. एक दिवस चाँदपाशांनी माझे पिवळे फडके घेतले. मी आनंदले. त्यांनी त्याने पुस्तकांवरची धूळ पुसली आणि फडके पुस्तकांच्या फळीवरच ठेवले. त्या दिवसापासून मी पुस्तकांना वाळवी लागण्याची वाट पाहत होते.

उन्हाळ्यात चाँदपाशांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. शाळेला सुट्टी होती, म्हणून संघप्रिया रोज येऊन वाचू लागली. माझ्याकडे कुणीच येईना. आली ती एक कुंभारीण माशी. तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन ती खिडकीतून येई, माझ्या नळीत शिरे आणि लिंपत बसे. मला बरे वाटले. कुणाला तरी माझी गरज होती. घर बांधून, तोंड लिंपून ती निघून गेली.

पावसाळा सरता सरता शेजारच्या शेतातल्या शरणम्मांना डुकराने मांडीपर्यंत फाडले. पुन्हा अर्ज झाला, परवानगी आली. एका रविवारी सकाळी वाचन चालू असताना शरणम्मांचे पती शांतलिंग धापा टाकत आले.

"पाशाभाई, चला! तेच डुक्कर बांधावर हाय!"

चाँदपाशांनी पुस्तक खाली ठेवले आणि कुलूप काढून मला उचलले. त्यांचा हात दस्त्याला लागला आणि मी सगळे रुसवे विसरले. संघप्रिया मागे धावत आली. बांधावर शांतलिंग माझ्या अगदी नळीजवळ उभे होते.

"उडवा! उडवा की!"

मीही मनात तेच म्हणत होते. आता कळू दे पुस्तकांना! पण चाँदपाशांनी काडतूस घातले नाही. त्यांनी बोल्ट बाहेर काढला, नळी आभाळाकडे केली आणि मागून डोळा लावला.

"उजेड दिसंना," ते म्हणाले.

"अवो, ते पळालं!" शांतलिंग ओरडले. डुक्कर खरेच ज्वारीत घुसले. "तुमी वाचत बसा घरी! माझ्या बायकोचा पाय बघा जाऊन!"

मला लाजेने आणि रागाने मेल्यासारखे झाले. चाँदपाशा मला खांद्यावर टाकून घराकडे वळले, शांतलिंगही मागोमाग आले. घरी येऊन चाँदपाशांनी सळई आत घातली आणि जोर लावला. वाळलेल्या मातीची ढेकळे जमिनीवर पडली. त्यांत कुंभारीण माशीने पिल्लांसाठी साठवलेल्या कोळ्यांची वाळलेली कलेवरे होती आणि एक पांढरी अळी होती.

"बार काढला असता तर?" शांतलिंगांनी हळूच विचारले.

उत्तर संघप्रियाने दिले. "नळी फुटली असती. काकांचा चेहरा... आणि तुम्ही शेजारीच होता. 'नळीतून आभाळ दिसल्याशिवाय काडतुसाला हात लावू नका.' मागच्याच आठवड्यात वाचलं आम्ही."

शांतलिंग भिंतीला टेकून खाली बसले. जमिलाबींनी त्यांना पाणी दिले आणि ते पुस्तक उचलून कपाळाला लावले. जीव वाचला माझ्या माणसाचा, मीही तुकडे तुकडे होण्यापासून वाचले, आणि कौतुक पुन्हा पुस्तकाचे! मित्रांनो, त्याही क्षणी मी जळाले.

डुक्कर पुढच्या आठवड्यात आमच्याच हातून पडले. शरणम्मा आता काठी टेकत चालतात.

शुक्रवारी चाँदपाशा पुन्हा मला मांडीवर घेतात आणि संघप्रिया समोर बसून वाचते. परवा तिने विचारले, "काका, ह्या सगळ्यांतली एक रायफल मिळाली तर कोणती घ्याल?"

ते नळी पुसत होते. म्हणाले, "त्या लई देखण्या हाईत पोरी. पण त्यांच्यात रोज कोण डोकावतं, मला काय ठावं? हिच्यात मी डोकावतो."

माझा हेवा अजून पुरता गेलेला नाही. हंसाच्या मानेचे ते पान आले, की आजही मला आत काहीतरी टोचते. तरी एक मागणे आहे. ज्यांच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, त्यांनी तिला कुलपात ठेवावे आणि रोज तिची विचारपूस करावी. आणि मुलांनो, मी कुठे दिसले तर लांब उभे राहा, मोठ्यांना हाक मारा. माझी फारच ओढ वाटली तर पुस्तक उघडा. तिथे आम्ही सगळ्या फार सुंदर दिसतो आणि आमच्यामुळे कुणाच्या अंगातून रक्त येत नाही. हे मी सांगते आहे, त्या पुस्तकांवर सर्वांत जास्त जळणारी.