उत्तरेश्वरच्या रक्तातून घडलेली लस

पोरांच्या दंडावर टोचतात त्या जातीची लस मी नाही, बरं का. ती आजार येऊ नये म्हणून असते. मी आजार अंगात ठाण मांडून बसल्यावरची. तेलगावच्या उत्तरेश्वरला रक्ताचा कॅन्सर झाला. त्याच्याच रक्तातल्या पेशी काढून शहरातल्या प्रयोगशाळेत मला घडवलं आणि काम नेमून दिलं: त्याच्या अंगातल्या राखणदार पेशींना झोपेतून उठवायचं, चोर कोण ते दाखवायचं. गुण येईलच, असं कुणी छातीठोक सांगितलं नाही. माझीच अजून परीक्षा चालू आहे.

इवल्या बाटलीत गोठवून मला बीडच्या दवाखान्यात आणलं. एकदा वितळले की माझं आयुष्य घटकाभराचं. म्हणून सिस्टर चंद्रभागाबाईंनी आधी फोन केला. "ताप वगैरे नाही ना?"

"न्हाई, न्हाई. चांगले हायेत. बीडच्या स्टँडवर उतरलोत," पलीकडून उत्तरेश्वरची बायको भिवराबाई म्हणाली.

मला कोमट पाण्यात धरलं. मी जागी झाले. आणि दारातून भिवराबाई एकटीच आली.

"पेशंट कुठंय?"

"घरी हायेत. अंग तव्यावानी तापलंय, उठवंना. मला टोचा."

"तुम्हाला कसं टोचायचं, मावशी?"

"कावून? ऊसतोडीच्या हिशोबात आमी नवराबायको मिळून एक कोयता. फडात त्यांना ताप आला तर त्यांच्या वाट्याचा ऊस मीच तोडती. मुकादमाला पत्ता लागू देत न्हाई. खाडा पडला की नाव कटतं."

फोनवर ताप का लपवला, ते तेव्हा कळलं. यंदा दुष्काळात ऊसच नाही, सहकारी कारखान्याचं धुराडं थंड. पण जन्माची सवय, ती थोडीच सुटते?

डॉक्टर म्हणाले, "ही त्यांच्या रक्ताची आहे. तुमच्या अंगात चालायची नाही."

"लेकरं झाली आमाला, आन् रक्त येगळं कसं?"

डॉक्टर हसले नाहीत. "तापात त्यांनाही देता येत नाही. ताप सांगितला असता तर ही गोठलेलीच ठेवली असती. नाव कुणी कापलं नसतं, मावशी."

भिवराबाई फरशीवरच टेकली. "मंग दुसरी करा."

"त्यासाठी परत रक्त काढावं लागेल, तेवढी ताकद हवी. आधी त्यांना इथं आणा, आजच. हा ताप साधा नाही."

तिनं दूध संस्थेच्या बबनरावांना फोन लावला. "भाऊ, टेम्पो पायजे. ह्यांना बीडला आना. ताप हाय." मग थांबून म्हणाली, "लई हाय."

"आणतो, वहिनी. कॅन रिकामेच हायेत, ते काढून त्यांना झोपवून आणतो," बबनरावांचा आवाज मला बाटलीत ऐकू आला.

"आन् ही?" तिनं माझ्याकडं बघितलं. सिस्टरनं टाकायच्या डब्याकडं बोट केलं. "जरा हातात द्या. त्यांचीच हाय ना."

आता मी तिच्या घट्टे पडलेल्या मुठीत आहे. टेम्पो वाटेत आहे. तो पोचेल तेव्हा मी नसेन. बायांनो, कुणाला ताप आला तर ताप सांगा, एवढंच मागणं. आणि उत्तरेश्वरच्या अंगात माझी धाकटी बहीण घडण्यापुरतं रक्त राहू द्या.

सिस्टरनं हात पुढं केलाय. भिवराबाईची मूठ काही उघडेना.