मेव्हण्याचा दुसरा हात

दर उन्हाळ्यात मेव्हणा मुक्कामाला यायचा आणि चार दिवसांत "दाजी, तुमचं घर आहे की भट्टी?" म्हणत काढता पाय घ्यायचा. यंदा दाजींना अवदसा आठवली. त्यांनी गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग मारला. घर इतकं गार झालं की मेव्हणा भरदुपारी पांघरूण मागू लागला.

जन्मात स्वतःचं ताट न उचललेला हा ऐतखाऊ एका सकाळी आपणहून गच्चीवर चढला आणि घाम गाळत रंगाचा दुसरा हात मारून आला. बायकोला भावाचं कौतुक किती करू अन् किती नको असं झालं.

दाजी तडक रंगाच्या दुकानात गेले.

"काळा आहे का हो? गच्चीला मारायचाय."