चमकणारी तंगडी

प्रेमला नाताळचं जेवण आयुष्यात कधी जेवली नव्हती, पण गेल्या आठ दिवसांत तिने अशी चौदा जेवणं बघितली होती. एका सिनेमासाठी तसंच जेवण तिच्याकडून करून घेणारी कलादिग्दर्शक रझिया तिला मोबाइलवर इंग्रजी सिनेमांतला एकेक तुकडा पाठवायची आणि खाली लिहायची, ‘मावशी, टेबल बघा.’ कसबा पेठेत पंचवीस वर्षं घरगुती खाणावळ चालवणाऱ्या प्रेमलाने टेबल तर बघितलंच, वर माणसंही बघितली. मेणबत्त्या, मधोमध भाजलेला अख्खा पक्षी, सगळे नटूनथटून बसलेले. आणि दर वेळी कुणीतरी नको ते बोलायचं, कुणीतरी खुर्ची मागे सारून उठायचं आणि पक्षी बिचारा तसाच गार व्हायचा.

“यांच्यात पोटभर कुणी जेवतच नाही का गं?” तिने विचारलं होतं.

“जेवले तर सिनेमा संपेल ना, मावशी.”

शूटिंग खडकवासल्याजवळ, भाड्याच्या बंगल्यात होतं. एप्रिलची दुपार. खिडक्यांना बाहेरून काळं कापड ठोकून आत रात्र केलेली, आणि माणसं सूट-स्वेटर घालून घामाने निथळत नाताळ साजरा करत होती. पंखा लावायचा नाही, ज्योती हलतात.

नाताळला भाजतात तो टर्की पक्षी मिळाला नव्हता. प्रेमलाने दोन कोंबड्या सुईदोऱ्याने शिवून एक केल्या, अर्धवट उकडल्या, कारण पुरत्या शिजल्या की कातडी सुरकुतते, आणि वरून लाकडाच्या पॉलिशचे दोन हात दिले. भोवती तशाच पॉलिश केलेल्या चार तंगड्या. ही मोठी थाळी नुसती बघायची. खायची थाळी वेगळी, लहान. तिच्यात घरून नीट भाजून आणलेल्या तंगड्या. ती दत्तोबांच्या पुढ्यात.

दत्तोबा म्हणजे टेबलाच्या टोकाला बसलेले आजोबा. मूळचे धायरीचे, सत्तरी ओलांडलेले. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्यापासून हात रिकामे, पण मिशा अशा रुबाबदार, की श्रीधरने, म्हणजे दिग्दर्शकाने, बघताक्षणी त्यांना निवडलं. त्यांना बोलायचं काही नव्हतं. घरात कडाक्याचं भांडण पेटलेलं असताना त्यांनी आपली शांतपणे तंगडी खात राहायची, एवढंच काम.

“खरं खायचं हं, आजोबा,” श्रीधरने सकाळीच बजावलं होतं. “खोटं खाल्लेलं कॅमेऱ्याला कळतं. नाही जमलं तर दुसरे आजोबा आणू.”

“खातो की. न खायला काय झालं?” दत्तोबा म्हणाले होते.

जेवणाच्या सुट्टीत मोठ्या थाळीवर माश्या बसल्या. रझियाने झुरळं मारायचा फवारा प्रेमलाच्या हातात दिला.

“अगं, अन्नावर?”

“अन्न कुठलं? फर्निचर आहे ते.”

फर्निचरवर प्रेमलाने चांगला दोनदा फवारा मारला, हात खसखसून धुतले आणि मागच्या अंगणात भांडी घासायला बसली.

तेवढ्यात कॅमेरा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला नेला गेला. बाजू बदलली की टेबलावरच्या वस्तूही थोड्या सरकवतात, म्हणजे पडद्यावर त्या जागच्या जागी वाटतात. सेटवर हे रोजचंच. कुणीतरी मोठी थाळी दत्तोबांच्या पुढ्यात ओढली आणि लहान थाळी आड येते म्हणून उचलून खाली ठेवली. स्वयंपाकाच्या बाईला कोण सांगणार?

हात पुसत प्रेमला परत आली, तेव्हा “सायलेन्स!” असं ओरडून झालं होतं. शॉट चालू असताना शिंकला म्हणून सकाळी एकाला बंगल्याबाहेर काढलं होतं. ती श्वास आवरून, कॅमेऱ्यातलं दृश्य दाखवणाऱ्या छोट्या पडद्यासमोर उभी राहिली. पडद्यावर भांडण रंगात आलं होतं. कडेला दत्तोबा, गळ्यात भलामोठा पांढरा रुमाल, हातात तंगडी.

तंगडी चमकत होती.

माझी तंगडी चमकत नाही, प्रेमलाच्या मनात आलं. माझ्या तंगडीला मसाला असतो. मग तिची नजर थाळीवर गेली. ती मोठी थाळी होती.

दत्तोबांनी तंगडी तोंडाशी नेली, मान झटकून लचका तोडला, रुमालाने मिशी पुसली, सावकाश चावू लागले. ओरड, तिने स्वतःला सांगितलं. घशातून आवाज निघेना. पंचवीस वर्षं जिन्यातून चौथ्या मजल्यापर्यंत हाका मारणारा घसा, त्याला कुलूप लागलं. दुसरा घास. आपल्याच हाताने फवारलं आपण. पोलीस विचारतील, कुणी फवारलं? तिसरा घास.

ती ओरडली नाहीच. चालत गेली. ओल्या पदराने, रबरी चपला फटफटवत, नाताळच्या मधोमध, आणि दत्तोबांच्या हातातली तंगडी तिने हिसकून घेतली.

“कट! कोण आहे ही बाई?” श्रीधर किंचाळला.

“विष आहे,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की दोनदा सांगावं लागलं.

रझिया धावत आली. थाळी बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. “आजोबा, किती खाल्लंत?”

दत्तोबांनी श्रीधरकडे बघितलं. “खाल्लं की. तीन घास. खरं खाल्लं, सायेब. झ्याक हाय.”

“गिळलंत?”

“गिळलं! काय चेष्टा हाय का?”

पाच मिनिटांत गाडी सिंहगड रस्त्याला लागली. रझियाने पुढच्या सीटवरून डॉक्टरांना फोन लावला. मागे प्रेमला दत्तोबांचं मनगट धरून बसली होती. मनगट गार, ओलं. कपाळावर घामाचे थेंब. ओठ हलत होते, शब्द नव्हते.

“मळमळतंय का?”

“न्हाय.”

“डोळ्यांपुढे अंधारी?”

“ताई, तुमी रडू नका. मला भ्या वाटतंय.”

पुढे वाहनं खोळंबली होती. प्रेमला मनातल्या मनात गणपतीला काय काय कबूल करत सुटली, त्यात खाणावळ बंद करणंही आलं.

रझियाने मागे वळून सांगितलं, “डॉक्टर म्हणतात, ओकारी काढू नका, तसंच आणा. नाकातून नळी घालून पोट धुवावं लागेल कदाचित.”

दत्तोबांनी हात ओढून घेतला. “नळी?”

“जीव वाचेल तुमचा.”

“अवो, पर पोटात काय न्हायच तर धुनार काय?”

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि तेलकट रुमालाची पुरचुंडी काढून प्रेमलाच्या मांडीवर ठेवली. आत कोंबडीचे तीन तुकडे. मग टायची गाठ खाली ओढली. शर्टाच्या आत तुळशीची माळ.

“चाळीस वर्सं माळकरी हाय मी,” ते खाली बघत म्हणाले. “त्वांडापाशी न्यायचं, रुमालाआड बोटानं तोडायचं. जत्रंच्या नाटकात दारू पिनाऱ्याचं काम केलंय बारा वर्सं, एक थेंब न पिता. सायबाला सांगू नका. दुसरा म्हातारा आनतील.”

“मग मघाशी गिळलं म्हणून कशाला सांगितलंत?” प्रेमला ओरडली. आता बरा निघाला आवाज. “मेले असते मी इथे!”

“मला काय ठावं तुमी का आला? वाटलं, चोरी धरली. सायबाफुडं न्हाय कसं म्हनू?”

डॉक्टरांनी तरीही त्यांना सोडलं नाही. हात, ओठ धुवायला लावले, दोन तास बसवून ठेवलं. दोन्ही तास प्रेमला त्यांच्या समोरच्या बाकावर, आणि त्यांनी जांभई दिली तरी उठून उभी राहायची.

दुसऱ्या दिवशी तिने सुरण उकडून कुस्करला, मसाला लावून सोललेल्या उसाच्या कांडक्यावर तंगडीसारखा थापला आणि लालसर भाजला. श्रीधरला एवढंच सांगितलं, की आजोबांचे दात कच्चे आहेत. मोठी थाळी रझियाने स्वतः टेबलाला खिळ्यांनी ठोकली.

“सायलेन्स” व्हायच्या आत दत्तोबांनी तंगडी हातात घेतली, वास घेतला, परत ठेवली.

“ताई, नक्की ना?”

प्रेमलाने त्यांच्या खुर्चीशी उभं राहून त्याच तंगडीचा तुकडा तोडला आणि तोंडात टाकला. सगळं युनिट खोळंबलेलं, ज्योती पेटलेल्या. ती चावत राहिली, आणि दत्तोबा तिच्या गळ्याकडे टक लावून बघत राहिले, ती गिळेपर्यंत.