देवाजींचा पहिला कूलर

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. अंगावरचा हिरवा रंग ताजा दिसत असला तरी त्याला भुलू नका. त्याखालच्या पत्र्याने नागपूरचे पुष्कळ उन्हाळे खाल्ले आहेत. बटण दाबलं की मी आधी खोकतो, मग घशातल्या घशात गुरगुरतो आणि त्यानंतरच गार वारा देतो. वय झालेल्याला तेवढी सवलत द्यायलाच हवी! आज आमच्या नंदनवन वस्तीत घरोघरी माझी भावंडं खिडक्यांना टेकून उभी आहेत. ती माझ्यापेक्षा देखणी आहेत, हे मी मोठ्या मनाने कबूल करतो. पण देवाजी गणवीरांच्या हातचा पहिला कूलर मी आहे, आणि हा मान मी कोणाला देणार नाही.

देवाजी रेल्वेच्या कारखान्यात पत्रेकाम करत. त्यांनी हातोडी धरली की पत्रा निमूटपणे वाकायचा. बहात्तर साली ते निवृत्त झाले. साहेबांनी हार घातला, आणि देवाजींच्या लेकीने, कौसल्येने, मोठ्या हौसेने दारावर पाटी लावली : 'देवाजी गणवीर, सेवानिवृत्त'. काही दिवस येता-जाता ते पाटी वाचायचे. मग वाचेनासे झाले. सकाळी भोंगा वाजला की सवयीने उठून बसायचे, जायचं कुठेच नाही हे आठवलं की पुन्हा आडवे व्हायचे.

"बसून बसून खाट वाकली, जी," त्यांची बायको रुखमाबाई म्हणायच्या. "हाताले कायतरी काम द्या."

काम चालूनही आलं. गांधीबागेच्या बाजारात भैय्याजींचं कापडाचं दुकान होतं. त्यांच्या गोदामाचं छप्पर देवाजींनी पूर्वी सुटीच्या दिवशी दुरुस्त करून दिलेलं. भैय्याजी मनाचे चांगले, पण तोंडाचे फटकळ. ते म्हणाले, "देवाजी, घरी बसून काहून माश्या मारून राहिले? माह्या गोदामावर चौकीदार व्हा. एक स्टूल, एक काठी. आरामाचं काम हाय."

चौकीदारी काही वाईट नसते, मित्रांनो. कष्टाची भाकरी ती कष्टाची भाकरी. पण देवाजी घरी येऊन बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत बसले. या हातांना आता फक्त काठी धरायची होती. त्यांना ते फार लागलं.

त्या बसण्यातूनच मी जन्मलो. एका बड्या अधिकाऱ्याच्या बंगल्यात त्यांनी कूलर पाहिला होता. तसा आपण का करू नये, असं त्यांच्या मनाने घेतलं. कबाड्याकडून पत्रा आला, बंद पडलेला पंखा आला. पत्रा कापला, ठोकला, कडा दुमडल्या. खसाचं काम मात्र रुखमाबाईंचं. आमच्याकडे वाळ्याला खस म्हणतात. लग्नाआधी त्या दारं-खिडक्यांना लावायच्या खसाच्या ताट्या बांधायला जात, त्यामुळे ते गवत त्यांच्या बोटांना ओळखायचं. कूलरच्या जाळीत ते दाट भरलं तर वारा अडतो, विरळ भरलं तर पाणी नुसतं वाहून जातं. पाण्याचा पंप पुढे मिळाला. तोवर माझ्या डोक्यावरच्या पन्हळीत रुखमाबाई तांब्याने पाणी ओतायच्या.

अंगणात पत्र्याच्या मांडवाखाली मला पहिल्यांदा सुरू केलं. काय वारा सोडला मी! रुखमाबाईंचा पदर उडाला, खसाचा वास शेजाऱ्यापर्यंत गेला आणि देवाजी कित्येक महिन्यांनी खळखळून हसले. जन्मल्या दिवशीच मी माझ्या बापाला हसवलं, अजून काय हवं?

देवाजी तसेच उठून भैय्याजींकडे गेले. म्हणाले, "काठीच्या अगोदर माहा कूलर पाहा. तुमचं दुकान थंड झालं तर मी कूलर बनवीन. नाई झालं, तर एक तारखेपासून गोदामावर येतो." छप्पन साली याच शहरात धम्मदीक्षा घेतलेला माणूस तो. दिलेला शब्द मोडणाऱ्यातला नव्हता.

आता नागपूरची एक रीत सांगतो. उन्हाळ्यात दहा वाजले की दारं-खिडक्या गच्च लावून घ्यायच्या. बाहेर लू, म्हणजे अंग भाजणारा उन्हाचा वारा, वाहत असते. दार उघडं टाकणारा माणूस एक तर वेडा, नाही तर परगावचा. मला दुकानाच्या गल्लीकडच्या खिडकीत बसवलं, आणि सगळ्यांनी शहाण्यासारखं दुकान बंद केलं. मागचं दार लावलं, पुढे जाड पडदा सोडला. तयार केलेला थंडावा बाहेर पळू नये, म्हणून देवाजींनी फटीत स्वतःच्या हाताने चिंध्या कोंबल्या.

सुरुवातीला झकास वाटलं. मग हवा जड झाली. भैय्याजींचा सदरा पाठीला चिकटला. एका बाईंनी कोरी साडी चिमटीत धरली आणि विचारलं, "ही धुतलेली हाय का जी?" कलफ म्हणजे कापडाची खळ; ती नरम पडून साड्यांनी माना टाकल्या होत्या. मी जीव खाऊन फिरत होतो, पण मी जितका फिरत होतो तितका सगळ्यांना घाम फुटत होता. माझा ताठा पार उतरला.

"बंद करा हा डब्बा!" भैय्याजी ओरडले. "देवाजी, माहं दुकान हाय का धोबीघाट? घेऊन जा याले. अन् एक तारखेले या काठी धरायले."

देवाजींनी मला खिडकीतून उतरवलं. हातठेल्यावर घालून त्यांनी मला घरी आणलं. वाटेत ओळखीच्या माणसांनी विचारलं, "काय गा देवाजी, काय नेऊन राहिला?" ते खाली मान घालून ठेला ढकलत राहिले. तो अपमान माझ्यामुळे झाला होता, आणि मला तो अजून बोचतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला घराच्या खिडकीत लावलं. कुठे चुकलं ते पाहायचं होतं. रीतीप्रमाणे सगळं बंद केलं. तशीच जड हवा, तसाच घाम. देवाजी खाटेवर बसून म्हणाले, "जाऊ दे वं रुखमा. आपल्या नशिबात काठीच हाय."

रुखमाबाई ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या भाजत होत्या. बंद घरात मिरचीचा असा ठसका उठला की दोघांच्याही डोळ्यांतून धारा लागल्या. खोकत खोकत रुखमाबाईंनी धावत जाऊन मागचं दार सताड उघडलं.

आणि माझा कोंडलेला श्वास सुटला! खसातून सरसर वारा आत आला, खोलीभर फिरला आणि मागच्या दाराने मिरचीचा धूर घेऊन निघून गेला. देवाजींच्या कपाळावरचा घाम वाळला. रुखमाबाई दार लावायला वळल्या, तसे ते ओरडले, "नोको लावू! दार नोको लावू!"

"काहून? लू येते ना आत."

"लू नाई, वारा चालून राहिला पाहा!"

त्यांनी दार लावून पाहिलं, हवा जड. उघडलं, गार. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. शेवटी रुखमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अवो, वाऱ्याले यायले वाट देली, जायले नको का द्यायले?" मग दोघंही हसत सुटले. मिरच्या जळून कोळसा झाल्या, पण त्या दिवशी कोणाला त्यांचं दुःख नव्हतं.

मला पुन्हा गांधीबागेत नेलं. या वेळी रुखमाबाईही सोबत आल्या. आम्हाला पाहून भैय्याजी म्हणाले, "काठी न्यायले आले का?"

"मागचं दार उघडा अन् पडदा सरकवा, भैय्याजी," देवाजी म्हणाले.

"भर दुपारी? लोक मले पागल म्हणतीन!"

"एक दुपार म्हणू द्या," रुखमाबाई पुढे होऊन म्हणाल्या. "नाई जमलं तर यांच्यासंगं मीबी गोदामावर काठी घेऊन बसतो. एकावर एक चौकीदार फुकट."

भैय्याजींना हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांनी दार उघडलं. मित्रांनो, मी काय सांगू! थोड्याच वेळात गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि भैय्याजी गादीवर लोडाला टेकून घोरत पडलेले. साड्यांचा कलफ कडक. जागे झाल्यावर ते ओशाळून म्हणाले, "देवाजी, काठीचं राहू द्या. मले घरासाठी आणखी एक बनवून द्या."

त्या उन्हाळ्यापासून नंदनवनातल्या त्या अंगणात ठोकठोक सुरू झाली. देवाजी पत्रा वाकवायचे, रुखमाबाई गल्लीतल्या बायकांना घेऊन खस भरायच्या. लोक दूरच्या मौदा गावाहूनही पत्ता विचारत यायचे. कूलर देताना देवाजी दर वेळी बजावायचे, "समोरची खिडकी उघडी ठेवजा."

मी भैय्याजींच्या दुकानात मानाने राबलो. पुढे तिथे मोठा कूलर आला, अर्थात देवाजींच्याच हातचा, आणि माझी रवानगी गोदामात झाली. माझ्या टाकीत चिंध्या भरल्या, उंदरांनी खसात संसार थाटला. पावसाळे गेले, गंज चढला. मला वाटलं, संपलं आपलं. पण गेल्या वर्षी देवाजी गोदामात आले, मला पाहून थबकले आणि म्हणाले, "अरे, हा तं माहा थोरला!" त्यांनी मला घरी आणलं, गंज घासला, हिरवा रंग दिला. आता मी त्यांच्या मांडवात उभा आहे. ते काम करतात तिकडे तोंड करून.

मित्रांनो, तुमच्याकडे माझी इतकीच विनवणी आहे. उन्हाळा सरला की आमची टाकी कोरडी करा, खस उन्हात वाळवा आणि आम्हाला अडगळीत कोंबू नका. आणि घरातलं माणूस निवृत्त झालं की त्याच्यामागे दार लावून घेऊ नका. थोडं उघडं ठेवा. त्याच्यात किती वारा शिल्लक आहे, हे बंद खोलीत कळत नाही.

मला रंगवून झालं त्या दिवशी डब्यात थोडा हिरवा रंग उरला होता. देवाजी ब्रश घेऊन दारातल्या पाटीसमोर उभे राहिले. त्यांनी 'सेवानिवृत्त' हा शब्द सावकाश, कडेकडेने, एका पत्रेकाम करणाऱ्याच्या नेटकेपणाने रंगाखाली झाकून टाकला.

"आता तिथं काय लिहाचं?" रुखमाबाईंनी विचारलं.

"सध्या ओलं हाय," देवाजी म्हणाले आणि हातोडी उचलून कामाला लागले.