पाठीतला तडा

भाची लहानपणी त्यांच्या व्हायोलिनच्या दुकानातच खेळायची. तिचं ऐकून सगळा बाजार त्यांना मामा म्हणू लागला. पण मामांच्या शिक्क्याची कुणी थट्टा करायचं नाही. जुनं व्हायोलिन कुणी घडवलेलं, कधीचं, किती किमतीचं, हे मामांनी कागदावर लिहून खाली शिक्का उठवला की विकणारा नि घेणारा दोघेही मुकाट मान डोलवायचे. चाळीस वर्षांत त्या शिक्क्यावर एक खोटं अक्षर गेलं नव्हतं. गेलं ते भाचीपायी.

भाची वाजवायची ते व्हायोलिन तिचं नव्हतंच मुळी. अडीचशे वर्षांपूर्वीचं, डोळ्यांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ते तिला नुसतं वापरायला दिलं, एक पैसा न घेता. डॉक्टर गेले आणि त्यांच्या मुलाने ते विकायचं ठरवून किंमत करायला मामांच्याच टेबलावर आणून ठेवलं.

त्याच संध्याकाळी मामांची थोरली बहीण, म्हणजे भाचीची आई, दुकानात येऊन बसली.

"किंमत तूच ठरवणार ना? मग निम्मी ठरव. घर गहाण टाकून घेऊ आम्ही. पोरगी धड जेवत नाहीये रे."

"अगं ताई, हा शिक्का आहे. भाजीचा भाव नव्हे, कमीजास्त करायला."

"हो हो! शिक्का मोठा नि भाची परकी!" असं म्हणून ताई रडायलाच लागली.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच? ताई गेल्यावर मामांनी व्हायोलिनच्या पोटात इवलासा दिवा सोडला, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसल्या आरशाने आतून पाहिलं, बोटाच्या पेराने कडेकडेने ठोकून आवाज ऐकला. कुठे म्हणून खोट नाही! आणि मग ह्या भल्या गृहस्थाने लिहिलं, 'पाठीत आतून तडा.' पाठीला तडा म्हणजे किंमत निम्मी, हे धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

डॉक्टरांच्या मुलाने कागद वाचला. "एवढीच? मग विकत कशाला बसू, काका? बाबांच्या नावाने संग्रहालयाला देऊन टाकतो. नावाची पाटी तरी लागेल."

"अहो, पण एखादं वाजवणारं गिऱ्हाईक..."

"नको. आता देऊनच टाकतो."

घ्या! करायला गेले काय नि झालं काय! ताईने बँकेतून आणलेला कर्जाचा अर्ज तसाच पर्समध्ये राहिला.

व्हायोलिन सोपवायच्या दिवशी तारा सैल करायला संग्रहालयाने मामांनाच बोलावलं. भाचीही आली. बिचारीला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. काचेचं कपाट उघडून ठेवलं होतं.

"एकदाच वाजवू?" तिने तिथल्या बाईंना विचारलं.

बाईंना वाईट वाटलं, पण मामांचा कागद त्यांच्या हातातच होता. "दिलं असतं हो. पण पाठीत तडा आहे. वाढला म्हणजे? म्हणून तर हे आता कधीच कुणाला वाजवायला द्यायचं नाही असं ठरलंय."

"तडा?" भाचीने व्हायोलिन उलटं करून पाठीवरून अंगठा फिरवला. "अकरा वर्षं हे माझ्या खांद्यावर आहे. मामा, कुठाय तडा?"

बाईही मामांकडे बघू लागल्या. 'नाही' एवढं म्हटलं असतं तर पोरीला निदान पाच मिनिटं मिळाली असती, व्हायोलिनही काचेआड मुकं झालं नसतं. पण मग चाळीस वर्षांच्या शिक्क्याला कुत्रं विचारणार नाही. मामांना लाज वाटत होती, पण भीती त्याहून जास्त वाटत होती.

"आतून आहे," मामा म्हणाले. "बाहेरून नाही दिसत."

भाचीने लगेच मान डोलवली. मामा सांगतो ते खरं, हे तिला लहानपणापासून माहीत. मग तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे माझ्याच हातून गेला असणार, मामा. डॉक्टरांनी केवढ्या विश्वासाने दिलं होतं."

"नाही गं," म्हणायला मामांनी तोंड उघडलं. पण बाई तिथेच उभ्या होत्या. मामांनी खाली मान घातली आणि पहिली खुंटी पिळली.