शनिवारपर्यंत सूट

शिंपीकाकांनी आयुष्यात कुणाला लाच दिली नव्हती. तेवढे पैसे खिशात असायला हवेत ना, असं त्यांचा मेहुणा म्हणायचा. पण मेहुण्याचं बोलणं कुणी मनावर घेत नाही. बायकोच्या ऑपरेशनपायी दोन वर्षांची घरपट्टी थकली, तिच्यावर महिन्यामागून महिना दंड चढला आणि आता जप्तीची नोटीस आली होती. बायको नुकती कुठे हिंडूफिरू लागलेली. तिला याचा पत्ता लागू द्यायचा नाही, असं काकांनी ठरवून टाकलं.

अशात मेहुण्याचा फोन आला. मशीनच्या खडखडाटात काकांना एवढंच ऐकू आलं, "घरपट्टीच्या साहेबांना भेटलो... शनिवारपर्यंत सूट... मग जप्ती टळते."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिंपी दिसला की लागले फुकटात सूट शिवून घ्यायला, वर मुदतही यांचीच. पण घर जाण्यापेक्षा कापड गेलेलं परवडलं. साठवलेली रक्कम खिशात घालून, गळ्यात टेप अडकवून ते तणतणत कार्यालयात पोचले.

"उभे राहा साहेब, छातीचं माप घेतो."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कशाला?"

"सूट हवाय ना शनिवारपर्यंत? कोट होईल. पॅन्टचं आत्ताच सांगत नाही."

"अहो काका, सूट मला नाही, तुम्हाला आहे. शनिवारपर्यंत घरपट्टी भरलीत तर सगळा दंड माफ."

मागची रांग पोट धरून हसली. काकांचे कान लाल झाले, पण मग तेही हसले. दंड वगळला तर खिशातले पैसे पुरून वर रिक्षापुरते उरत होते. पावती घेऊन ते रिक्षातून ऐटीत घरी आले.

बायको दारातच उभी होती. "मिळाली का सूट?"

काका थबकले. "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. महिनाभर झोपेत जप्ती जप्ती करताय. म्हणून तर भावाला चौकशीला पिटाळलं."

इतके दिवस छातीवर घेतलेलं काकांचं ओझं एकदम उतरलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पावती तिच्या हातात दिली.

तिने ती नीट वाचली. "घर दोघांचं आहे ना?" ती म्हणाली. "मग पुढच्या वेळी घाबरायचं झालं तर दोघं मिळून घाबरू."