लवू परब मान हलवत नाही

लवू परबाचा एकुलता एक मुलगा सर्वेश जपानातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला दत्तक गेला. आता हे वाक्य विसरा. असं काही झालेलं नाही. नांदगावात अजूनही कोणी विचारलं तर लवू "शिकाक गेलो हा" एवढंच सांगतो, आणि बापाच्या शब्दाबाहेर आपण तरी का जावं?

तर काहीच न झालेल्या त्या दिवसांत, एका सकाळी लवू जपानात, त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या, म्हणजे मोरितांच्या, पडवीत बसला होता आणि मोरितांची बायको त्याच्या मानेला औषधाची पट्टी चिकटवत होती. पट्टी झोंबत होती. लवू हूं की चूं करत नव्हता.

"बाबा, मान दुखता तर सांगाचा नाय?" सर्वेश म्हणाला.

"मान बरी आसा."

"मगे हलयत कित्याक नाय? काकी कालपासून काळजी करतत."

"हलयली तर होय म्हटल्यासारखा होतला."

खरी गोम ती होती. मोरितांना मूलबाळ नव्हतं. सर्वेश त्यांच्या शेतावर कामाला लागला, दोन्ही म्हाताऱ्यांना त्याचा लळा लागला, आणि त्यांना त्याला रीतसर मुलगा करून घ्यायचं होतं. तिकडे मोठ्या माणसालाही असं दत्तक घेतात म्हणे. पण मोरिता पडले जुन्या वळणाचे. बापाच्या तोंडून होकार ऐकल्याशिवाय ते पुढे जाणार नव्हते. म्हणून त्यांनी विमानाचं तिकीट पाठवलं. लवूची बायको विमला विमानाला भ्यायची, त्यामुळे तिने नवऱ्याला एकट्याला पाठवलं आणि निघताना एवढंच बजावलं, "झिलाक घेवन ये. नायतर तू पण थंयच रव."

तेव्हा लवूने ठरवलं की या देशात मान हलवायचीच नाही. चहा हवा का? मान स्थिर. भात वाढू का? मान स्थिर. त्यांनी चहा दिला, भातही वाढला, आणि वर ही पट्टी.

गाव इतकं देखणं होतं की लवूला पहिल्या दिवसापासून धडकी भरली होती. डोंगराच्या पायऱ्यापायऱ्यांवर भाताचे कुणगे, म्हणजे पाणी साचवलेले छोटे छोटे वाफे, प्रत्येकात आभाळ भरलेलं. बांध असे घासूनपुसून ठेवलेले की त्यांवर पाय ठेवायला संकोच वाटावा. एवढं नीटनेटकं कोणी ठेवतं ते पाहुण्याकडे काहीतरी मागायचं असलं की, अशी लवूची पक्की समजूत. लांबलांबून माणसं येऊन त्या कुणग्यांचे फोटो काढत. फोटोत गावकरी नसत, कारण गावातच फारसे नव्हते. घरांची दारं बंद, कुत्रं भुंकत नाही, कोणी कोणाला बांधावरून शिव्या देत नाही. संध्याकाळी खांबावरचा भोंगा आपोआप गाणं लावायचा. पहिल्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा लवू ताडकन उठला. त्याला वाटलं, दत्तक झाल्याचं जाहीर केलं.

पट्टी लावली त्याच रात्री जेवताना मोरितांनी हातातल्या जेवायच्या काठ्या खाली ठेवल्या, गुडघ्यांवर बसले आणि कपाळ चटईला टेकवून काहीतरी बोलले. सर्वेशने त्याचा अर्थ सांगितला.

"ते म्हणतत, आमच्या मागसून ह्या शेताक कोण नाय. तुमच्या झिलाक आमचो करून घेवक तुमची परवानगी व्हयी."

लवूने दिव्याकडे बघत म्हटलं, "त्यांका सांग, मासो बरो झालो हा."

सर्वेशने सांगितलं. मोरितांनी पुन्हा कपाळ टेकवलं. काकींनी लवूच्या ताटात आणखी एक मासा घातला.

जेवण झाल्यावर बाप-लेक मागच्या पायरीवर येऊन बसले.

"आवशीक काय सांगू मी?" विमलेचं बजावणं आठवून लवूने विचारलं.

"तूच सांगलं होतंस मा? शेतीत काय रवला नाय, भायर पड."

"भायर म्हणजे मुंबय रे! पणजी. येवढ्या भायर नाय!"

सर्वेश हसला, पण हसू अर्ध्यावरच विरलं. "मुंबयत दुकानात उभो रवलो असतंय तर तुका चलला असता. हय शेतात उभो आसंय, तर भिती वाटता."

"तुका वाटणा नाय?"

"वाटता. रोज वाटता. पण ह्यो म्हातारो रोज सकाळी माका इचारता, आज खंयचो कुणगो करूया? तू कधी इचारलंस?"

लवूने कधीच विचारलं नव्हतं. उलट पोरगा चिखलात उतरला की ओरडायचा, "भायर सर मेल्या, पुस्तक धर!" हे तो प्रेमाने करायचा. त्या प्रेमाला एवढं लांबचं फळ येईल हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. रात्रभर तो जागा राहिला. कूस बदलली तरी मान हलल्यासारखं होईल म्हणून उताणाच.

सकाळी लावणीचा मुहूर्त होता. पहिल्या कुणग्याच्या कोपऱ्यात एक उभा दगड होता, तो त्यांच्या शेताचा देव. मोरितांनी त्याच्यापुढे दारूची वाटी ठेवली आणि सर्वेशकरवी विचारलं, तुमच्याकडे लावणीआधी देवाला काही सांगतात का? सांगत असाल तर आज तुम्हीच सांगा.

देवाला सांगणं! लवूच्या वाडीत दर वर्षी गाऱ्हाणं घालायचा मान त्याचाच. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ओळखीचं काम समोर आलं होतं. तो विजार खोचून पाण्यात उतरला. शेजारी सर्वेश, मागे मोरिता आणि काकी. त्याने हात जोडले आणि घसा मोकळा सोडला.

"बा शेताच्या म्हाराजा! तुझा नाव माका ठावक नाय, माझा तुका ठावक नाय, तरी ह्या चिखलात उभो रवान गाऱ्हाणा घालतंय..."

"व्हय म्हाराजा!" सर्वेशने लहानपणापासूनच्या सवयीने साथ दिली.

"पाऊस येळेर येवंदे, तरवो जगांदे, बांध फुटाक नको..."

"व्हय म्हाराजा!"

या खेपेला मोरिता आणि काकीही पुटपुटले. शब्द कळत नव्हते, पण देवाच्या कामात मागे कशाला राहायचं?

"रानडुकरांनी हय पण वाट लावली हा, थंय पण लावली हा. त्यांचो बंदोबस्त कर..."

"व्हय म्हाराजा!" आता तिघेही एका सुरात.

डोळे मिटून लवूने एका दमात म्हटलं, "आणि ह्यो माझो झील वाट चुकान हय इलो हा, त्येका त्येच्या आवशीकडे, आपल्या घराकडे परत पाठय..."

सर्वेशने या मागण्याला साथ दिली नाही. तो चिखलात कुठेतरी बघत होता.

"व्हय म्हाराजा!" मोरिता आणि काकी खणखणीत आवाजात म्हणाले. माना खाली, हात घट्ट जोडलेले.

लवूने डोळे उघडले. गाऱ्हाण्यात मागणारा एकटा असतो, पण मागणं पक्कं होतं ते बाकीच्यांनी साथ दिली की. आणि साथ दिली होती ती या दोघांनी, निर्मळ मनाने, स्वतःचं घर रिकामं करण्यासाठी. ज्या देशात बससुद्धा वेळेवर येते तिथला देव अर्ज तुंबवून ठेवील, असं काही वाटेना. काकींच्या जोडलेल्या हातांत तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी होती. ती सर्वेशला द्यायची म्हणून त्यांनी गाऱ्हाणं संपायची वाट बघत तशीच धरली होती.

लवू घाबरून पुन्हा दगडाकडे वळला. घरच्या बोलीवरचा त्याचा भरवसा उडाला होता. तलाठ्यापुढे उभं राहिल्यावर जी मराठी तोंडात येते, तीच आली.

"महाराज, मघाचा अर्ज रद्द समजावा. त्याऐवजी अर्जदाराचा मुलगा सर्वेश लवू परब यास हे शेत व नांदगाव येथील शेत, अशा दोन्ही ठिकाणी, प्रत्येक लावणीस, एकाच वेळी हजर ठेवण्याची व्यवस्था आपल्या स्तरावरून तातडीने करण्यात यावी, ही नम्र विनंती."